दादांच्या गाडीचे ब्रेक

आपल्या वस्तीत फिरून पाहिले तर दर दहा-पंधरा घरांमागे एखादी जुनी मोटारसायकल पत्र्याच्या आडोशाला उभी असलेली दिसते. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाची हिरो होंडा. चालवणारा म्हातारा झाला किंवा गेला, मुलांनी हप्त्यावर नवी गाडी घेतली आणि जुनीवर कोंबड्या बसू लागल्या. आमच्याही घरी अशी एक होती. माझ्या थोरल्या भावाची, दादांची, १९९१ सालची सीडी १००.

दादा पाटबंधारे खात्यात पालखेड डाव्या कालव्यावर चौकीदार होते. कालव्याच्या भरावावरून, चिखलातून, पाण्यातून ती गाडी एकोणीस वर्षे चालली. २०१० साली दादा गेले आणि वहिनींनी गाडीवर एक जुने सतरंजीचे फडके टाकले. भंगारवाला दोनदा येऊन गेला, वहिनींनी दिली नाही. तिला हातही कुणाला लावू दिला नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि गाड्या बंद पडल्या. तो संप कामगारांच्या पोटाचा होता. मीही मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पुलांच्या गर्डरवर फिटर म्हणून उभी हयात काढलेला माणूस आहे, संप करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण दादांची मुलगी मनमाडला एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिची पाळी रात्री आठला सुटते. जीपवाले सकाळी दुप्पट भाडे घेत, रात्री तर जीपच नसे. दोन महिने ती कधी कुणाच्या ओळखीने, कधी मैत्रिणीच्या घरी मुक्काम करून दिवस काढत होती. दवाखान्याने सांगितले, जमत नसेल तर दुसरी बघतो. तेव्हा पुतणी मला म्हणाली, "नाना, आण्णांची गाडी चालू होईल का?"

मी वहिनींकडे पाहिले. वहिनी घरीच दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणतात, बोलणे कमी. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चालू काय कुणीही करील. थांबेल का ते बघा. मागावर एक तार चुकली तर मागे येऊन उलगडता येते. रस्त्यावर काय उलगडणार?"

येवला ते मनमाड रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटरचा. पण तो नगर-मनमाड रस्ता आहे. त्यावर दक्षिणेकडे जाणारे मोठे ट्रक आहेत, कांद्याच्या पिकअप आहेत, हंगामात कोपरगावच्या कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या जोड ट्रॉल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा तर नाहीच, साधी लाल पट्टीही नाही. अनकाईच्या बारीत उतार आहे. रात्री साडेआठला त्या उतारावर मुलगी एकटी गाडीवर, हे डोळ्यांसमोर आणले तर वहिनींचे बोलणे कुणालाही पटेल. म्हणून मी ठरवले की आधी ब्रेक, मग इंजिन. इंजिनाचे इथे सांगत बसत नाही. कार्ब्युरेटर साफ केला, तेल बदलले, प्लग नवा टाकला, टायर-ट्यूब बदलल्या आणि एका रविवारी ते सुरू झाले. फोर स्ट्रोक इंजिन आहे, सोशिक असते.

ब्रेकचे मात्र सविस्तर सांगतो, कारण घरोघरी त्याचीच हेळसांड होते.

या गाडीला पुढे-मागे दोन्ही ड्रम ब्रेक आहेत. चाकाच्या मधोमध जे डबड्यासारखे दिसते तो ड्रम. ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेले असते. दोन्ही शूंचे एक टोक एका खुंटीवर टेकलेले, दुसरे टोक एका चपट्या लोखंडी कॅमवर. आपण पुढचा ब्रेक ओढला की केबल ओढली जाते, मागचा दाबला की सळई ओढली जाते. तो कॅम फिरतो, शू फाकतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासते. एवढेच. हात सोडला की आतल्या स्प्रिंगा शूंना परत जवळ आणतात. यात एक खुबी आहे. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने एक शू आपोआप ओढला जातो आणि जास्त जोराने चावतो, म्हणून बोटांच्या जोरावर माणसासकट दीडशे-दोनशे किलोचा भार थांबतो. आणि म्हणूनच ड्रम गंजलेला असला तर तोच शू अचानक पकडतो आणि चाक जाम होते.

गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचा एक्सल काढला. चाक हातात आले, पण ब्रेक प्लेट ड्रममधून निघेना. अकरा वर्षांच्या गंजाने शू आतल्या आत चिकटले होते. लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हळूहळू ठोकत ती सोडवली. आत जे होते ते पाहून पुतणी म्हणाली, "हे तर टीबीवाल्याच्या छातीसारखं दिसतंय." काळी-तांबडी भुकटी, वाळलेले ग्रीस आणि कालव्याचा गाळ.

इथे मी तिला थांबवले. कारण गॅरेजमध्ये पोरे काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ड्रम उघडला की तोंडाने जोरात फुंकर मारतात, नाहीतर हवेच्या नळीने धुरळा उडवतात. बंधूभगिनींनो, हे कृपा करून करू नका आणि आपल्या पोरांना करू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते उष्णतेला दाद देत नाही म्हणून वापरले, पण त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. श्वासातून फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यातून फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचाही होतो, आणि तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. चौदा वर्षांचे पोर गॅरेजमध्ये फुंकर मारते आणि पन्नाशीला धाप लागते, तेव्हा त्या फुंकरीची कुणाला आठवण असणार? जगात अनेक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली ती याचसाठी. आमच्या वर्कशॉपमध्येही जुन्या काळी धुळीचा कुणी विचार करीत नसे. त्या पिढीचे बरेच सोबती आज खोकत बसलेले आहेत. कुणाला कशाने झाले ते मी सांगू शकत नाही, पण त्यांचा खोकला ऐकला की मला ती धूळ आठवते.

कोरोनाचे दिवस होते, घरात मास्क भरपूर. पुतणीने दवाखान्यातला जाड मास्क स्वतः लावला आणि मलाही लावायला लावला. हातात मोजे घातले. साबणाच्या पाण्याने सगळे आधी भिजवले, ओल्या चिंधीने पुसले, चिंध्या पिशवीत बांधून टाकल्या. धूळ भिजली की उडत नाही. दवाखान्यात जखम जशी साफ करतात तशी तिने ती प्लेट साफ केली. माझ्या हाताखाली अनेक खलाशी आणि अ‍ॅप्रेंटिस होऊन गेले, इतकी नीट साफसफाई क्वचित पाहिली.

साफ झाल्यावर दोष दिसायला लागले. लायनर जाडीला बरे होते, तीन मिलिमीटरच्या आसपास. दोनच्या खाली गेले तर बदलावेच लागते. पण ते काचेसारखे चकचकीत आणि कडक झाले होते, नखाने ओरखडाही उठत नव्हता. असे लायनर नुसते सरकते, धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे कॅमचा दांडा बुशमध्ये गंजून बसला होता. माझ्या मते जुन्या गाड्यांचा खरा रोग हाच. माणूस म्हणतो ब्रेक लागत नाही, म्हणून नवीन शू टाकतो, आणि कॅमकडे कुणी पाहतच नाही. कॅम जड फिरत असला की अर्धा जोर त्याला फिरवण्यातच जातो. आणि फिरलाच तर परत येत नाही, मग ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, पेट्रोल जास्त जाते.

दांडा घासलेटमध्ये दोन दिवस भिजत ठेवला, मग हळूहळू फिरवून बाहेर काढला. बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, बुश आतून पुसला. परत बसवताना ग्रीस लावले, पण अगदी पातळ, बोटाला लागेल न लागेल इतके. ग्रीस जास्त झाले तर गरम झाल्यावर पाघळते आणि लायनरवर जाते, आणि तेलकट लायनर म्हणजे ब्रेक नसल्यासारखेच. घासलेटचेही तसेच, त्याचा थेंब लायनरला लागू देऊ नये.

मागच्या ब्रेकमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. कॅमच्या दांड्यावर बारीक दाते असतात आणि त्यावर बाहेरचा लोखंडी हात बसतो. दांड्यावर एक टिंब ठोकलेले असते, हातावर एक. दोन्ही टिंबे समोरासमोर यायला हवीत. आमच्या गाडीत ती दोन दाते सरकलेली होती. कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजमध्ये, शू झिजल्यावर नवीन न टाकता हात पुढे सरकवून ब्रेक "टाइट" करून दिला होता. हा फार घातकी उद्योग आहे. ब्रेक प्लेटवर बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हाताचा बाण त्या खुणेला पोचला, की शू संपले असे समजायचे. हात सरकवला की बाण खोटे बोलायला लागतो. मालकाला वाटते अजून शू शिल्लक आहेत आणि आत लायनर संपून लोखंडावर लोखंड आलेले असते. कॅम गरजेपेक्षा जास्त फिरून आडवा पडला तर तो परत येतच नाही, चाक जाम. दादा या अवस्थेत किती दिवस कालव्यावरून फिरले असतील कुणास ठाऊक. वहिनींना मी हे सांगितले नाही. आता इथे वाचतील.

गॅरेजवाला भला माणूस, त्याने सुचवले की ड्रम लेथवर टर्निंग मारून घ्या. मी आधी व्हर्नियरने मोजले. या ड्रमचे आतले माप मुळात ११० मिलिमीटर, आणि १११ च्या पुढे गेला तर तो बाद. आमचा ११०.४ भरला. गंज वरवरचा होता, चर नव्हते. स्पोकांचे चाक लहान लेथवर बसवून मध्यभागी आणणे सोपे काम नाही, आणि ते किंचित वाकडे बसले तर चांगला ड्रम लंबगोल होतो. उगाच लोखंड कशाला कमी करायचे? पॉलिश पेपर ओला करून हाताने गोल घासला, गंज गेला.

शू नवीन घेतले. दुकानात दोन प्रकार होते, स्वस्त आणि महाग. स्वस्तातल्या एका शूचे लायनर एका कडेला उचललेले दिसत होते, नख आत जात होते. ते चालत्या गाडीत सुटले आणि ड्रममध्ये अडकले तर काय होईल ते सांगायला नको. महागातले घेतले, खोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचे छापलेले होते. फरक पाहिला तर दोन वेळच्या चहाभज्यांचा.

नवीन शू बसवला की ब्रेक लगेच चांगला लागतो असे समजू नये. लायनरची गोलाई आणि झिजलेल्या ड्रमची गोलाई तंतोतंत जुळत नाही, शू मधल्या भागावरच टेकतो. वर्कशॉपमध्ये दोन पृष्ठभाग जुळवायचे असले की आम्ही एकाला रंग लावून दुसऱ्यावर घासून बघायचो. इथे पुतणीच्या शाळेच्या दिवसांतला खडू कामाला आला. लायनरवर खडू फासला, चाक बसवले, ब्रेक हलका धरून चाक फिरवले, परत काढले. जिथला खडू पुसला गेला तेवढाच भाग टेकत होता. तो ओल्या पॉलिश पेपरने किंचित उतरवला. असे चार वेळा. पाचव्यांदा खडू बराचसा सारखा पुसला गेला. बाकीचे पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये रस्ता जुळवून देतो, तोवर जपून चालवायचे. शेवटी एक्सलचा नट घट्ट करण्याआधी ब्रेक दाबून धरायचा आणि मग नट आवळायचा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर येऊन बसतात. ही साधी युक्ती गॅरेजमध्ये घाईत कुणी करीत नाही.

या शू शब्दाची मला गंमत वाटते. इंग्रजीत शू म्हणजे पायातला जोडाच. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. त्याने पाहिले की उतारावर घोडागाडीवाले चाक रोखायला जुन्या जोड्याचा तुकडा वापरतात. त्यावरून त्याने १८९७ मध्ये ब्रेकचे चांगले साहित्य बनवायला सुरुवात केली आणि पुढे लायनरचा मोठा कारखाना उभा राहिला. अ‍ॅस्बेस्टॉस त्यात नंतर आले, १९०८ च्या सुमारास. म्हणजे गाडीवानाच्या फाटक्या जोड्यात जे ज्ञान होते तेच पुढे मोटारीच्या चाकात गेले. फ्रूडचे नाव राहिले, गाडीवानांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

पुढच्या ब्रेकची केबल नवीन टाकली. जुनी आतून गंजून एकेक तार तुटत आली होती. केबल तुटायची ती ऐन जोराने ओढताना तुटते, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच. पुढच्या मुठीला एक ते दोन सेंटिमीटर आणि मागच्या पॅडलला दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली.

मग एका रविवारी सकाळी गाडी मोकळ्या मैदानावर नेली. वहिनीही आल्या आणि एका दगडावर बसल्या. मी जमिनीवर फक्कीची रेघ मारली आणि पुतणीला सांगितले, ताशी तीसने ये, रेघेवर फक्त मागचा ब्रेक दाब. तिने दाबला. चाक थोडे घसरले आणि गाडी चौदा पावलांवर थांबली. दुसऱ्यांदा दोन्ही ब्रेक, पुढचा एकदम न हिसकता मुठीत लिंबू पिळल्यासारखा. आठ पावलांवर थांबली. तिलाच खरे वाटेना, तिने स्वतः पावले मोजली.

आपल्याकडे पुढच्या ब्रेकची फार भीती. "पुढचा लावला की माणूस उलटतो" असे बाप मुलाला शिकवतो. वाळूवर, चिखलात, वळणावर जोराने लावला तर घसरते हे खरे. पण सरळ कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते, कारण गाडी थांबू लागली की सगळा भार पुढे झुकतो आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक काय धरणार? दुसरे लक्षात ठेवायचे ते वेगाचे. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर दुप्पट लागत नाही, चौपट लागते. तीसच्या वेगाला आठ पावले, तर साठला बत्तीस. शिवाय अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि साठच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. बिनदिव्याची उसाची ट्रॉली आपल्या हेडलाइटमध्ये किती अंतरावर दिसते त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पुतणीने तो तिथेच मैदानावर केला आणि रात्री चाळीसच्या वर जायचे नाही असे स्वतःच ठरवले.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना सरकारने बंधन घातले आहे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, लहान गाड्यांना निदान एक ब्रेक दाबला तर दोन्ही चाकांना लागेल अशी जोडणी. चांगलेच आहे. पण वस्तीतल्या जुन्या गाड्यांना ते कुणी बसवून देत नाही. तिथे हातालाच शिकवावे लागते.

कागदाचेही एका वाक्यात सांगतो, कारण बऱ्याच घरांत हे राहून जाते. मालक वारला तर नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी तपासणी करून वाढवावी आणि विमा काढावा. आम्ही गाडी वहिनींच्या नावावर केली. आर. टी. ओ. मध्ये सही करताना त्यांचा हात जरा थांबला होता.

त्या दिवशी मैदानावर वहिनी दगडावरून उठल्या, मुलीच्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चल, आता मला बसवून थांबव." दोघींच्या वजनाने अकरा पावले लागली. वहिनींनी उतरून गाडीवरचे सतरंजीचे फडके घडी करून पिशवीत टाकले. ते आता सीटवर घालायला लागते, उन्हात सीट तापते म्हणून.

२०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या आळीत वेगळेच झाले. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर मोठी गर्दी होते. वैजापूर, कोपरगाव, नांदगावकडून माणसे दुचाक्यांवर येतात, कधी तिघे-तिघे. आमच्याकडचे पाहुणे आदल्या दिवशीच आले होते. पुतणीने अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या गाड्यांचे ब्रेक दाबून पाहिले आणि मला हाक मारली. सात गाड्या होत्या. तिघांच्या मागच्या ब्रेकचा बाण खुणेला पोचलेला, दोघांच्या पुढच्या केबलीला गंज. एका पाहुण्याने तर पुढची केबल काढूनच ठेवली होती, डिकीत चिंधीत गुंडाळलेली. विचारले तर म्हणाला, "जयभीम नाना, घरात लहान लेकरं आहेत, उलटायला नको." केबल चांगली होती. ती मी बसवून दिली, आणि पुतणी फक्कीची पिशवी घेऊन त्याला मैदानावर घेऊन गेली.